सिनेटरचे विधेयक म्हणजे कायदा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एच-१बी, म्हणजे अमेरिकेत कुशल नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाच्या बाबतीत एखाद्या अमेरिकी सिनेटरने (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, सिनेटच्या सदस्याने) हालचाल केली की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे ‘भारतीयांना दणका’ अशा धर्तीचे मथळे येतात. ते वाचून घरोघरी बेत बदलतात. कुणी परदेशी शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज मागे घेतो, कुणी लग्नाची बोलणी थांबवतो. म्हणून या बातम्यांमागे नेमके काय असते, ते जरा सविस्तर लिहीत आहे.

सप्टेंबर २०२५ चेच पाहा. १९ तारखेला अध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावणारा आदेश काढला. आठवडाभरात आयोवाचे सिनेटर चक ग्रासली आणि इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन यांनी टीसीएस, ॲमेझॉन, गुगल, मायक्रोसॉफ्ट अशा दहा कंपन्यांना पत्रे धाडली. एकीकडे नोकरकपात करता आणि दुसरीकडे एच-१बीचे अर्ज भरता, ते का, असा त्यांचा सवाल होता. महिना संपता संपता याच दोघांनी एच-१बी आणि एल-१ (कंपनीच्या परदेशी शाखेतून अमेरिकेत बदलीवर येणाऱ्यांचा) व्हिसा सुधारणा विधेयक पुन्हा मांडले.

बातम्यांत या तिन्हींची सरमिसळ झाली. प्रत्यक्षात आदेश तेवढा लगेच, २१ सप्टेंबरला लागू झाला. आधीच व्हिसा असलेल्यांच्या नूतनीकरणाला तो लागू नाही, हा खुलासा मधल्या दिवशी आला. तोवर सुट्टीवर घरी आलेल्या अनेकांनी मिळेल त्या भावाने परतीची तिकिटे काढली होती. पत्राचे तसे नाही. त्याला कायद्याचे बळ नसते, उत्तर दिले नाही म्हणून कंपनीला दंड होत नाही. सक्तीने कागदपत्रे मागवायची तर समितीला समन्स काढावे लागते. आणि विधेयक हा तर नुसता प्रस्ताव.

तोही नवा नाही. ग्रासली आणि डर्बिन यांनी तो पहिल्यांदा २००७ मध्ये मांडला आणि पुढे अनेकदा, थोडाफार बदलून. अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मुदत दोन वर्षांची असते. ती संपली की मंजूर न झालेले प्रत्येक विधेयक रद्द होते, मग ते कोणत्याही सभागृहात अडकलेले असो. आपल्या राज्यसभेत मांडलेले आणि तिथेच प्रलंबित असलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहते, त्यामुळे हा फरक आपल्या लक्षात येत नाही. सध्याची ११९ वी काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला संपते. तोवर हे विधेयक मंजूर झाले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या वेळी विधेयकाला थोडे जास्त वजन आहे, हे मान्य करायला हवे. ग्रासली रिपब्लिकन, डर्बिन डेमोक्रॅट, आणि विधेयक ज्या न्यायविषयक समितीकडे जाते तिचे अध्यक्ष ग्रासली, तर विरोधी बाजूचे प्रमुख सदस्य डर्बिन. पण समितीतून बाहेर पडणे ही पहिलीच पायरी. पुढे सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घ्यायचे तर शंभरपैकी साठ मते लागतात. मतदानाशिवाय नेण्याचा दुसरा मार्ग म्हणजे सर्वांची संमती. पीठासीन अधिकारी विचारतात, कुणाचा आक्षेप आहे का? शंभरांतल्या एकाने ‘आहे’ म्हटले की विषय तिथेच थांबतो.

सर्वसंमती मिळूनही घास हिरावला जातो. ग्रीन कार्डावरील देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारतीयांच्या लांबलचक रांगेचे मूळ, नोकरीच्या गटांत हटवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, १० जुलै २०१९ ला ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. यूटाचे सिनेटर माइक ली यांनी ते सिनेटमध्ये लावून धरले. आक्षेप आले, त्यांवर तडजोडी झाल्या आणि २ डिसेंबर २०२० ला सिनेटनेही सर्वसंमतीने मंजुरी दिली. पण दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते. ते जुळवायला जेमतेम महिना उरला होता. जुळले नाहीत, आणि ३ जानेवारी २०२१ ला काँग्रेसच्या मुदतीबरोबर विधेयकही गेले. ‘सिनेटची मंजुरी’ हा मथळा त्या दिवशी खरा होता. ‘रांग संपली’ असा त्याचा अर्थ मात्र नव्हता.

ग्रासली-डर्बिन विधेयकाच्या मसुद्यात काय आहे, हेही वाचायला हवे. आधी अमेरिकी उमेदवार शोधल्याचे दाखवणे, एच-१बीने भरायची जागा कामगार विभागाच्या संकेतस्थळावर जाहीर करणे, वेतनाच्या अटी कडक करणे आणि कामगार विभागाला चौकशीसाठी मनुष्यबळ देणे ही त्याची मुख्य अंगे. पहिल्या दोन अटींमुळे आपल्या उमेदवारांचे नुकसान होऊ शकते. चौकशीची तरतूद मात्र आपल्याच मुलांच्या हिताची आहे. प्रकल्प नाही म्हणून ‘बेंच’वर बसवायचे आणि पगार द्यायचा नाही, हे आजच्या कायद्यानेही बेकायदा आहे. त्याची तक्रार कामगार विभागाच्या वेतन व कामाचे तास पाहणाऱ्या शाखेकडे ‘डब्ल्यूएच-४’ या फॉर्मवर, प्रकार घडल्यापासून बारा महिन्यांत करायची असते. पगाराच्या पावत्या, बँकेचा तपशील आणि ‘कामावर येऊ नका’ असे सांगणारी ईमेल जपून ठेवावी. बहुतेक जण नोकरी जाईल या भीतीने वर्ष घालवतात आणि मुदत हुकते.

सिनेटर मुळात राज्याचा प्रतिनिधी. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपूर्वी राज्यांची विधिमंडळे त्यांना निवडत, साधारण आपल्या राज्यसभेसारखे. आता थेट मतदार निवडतात. ग्रासली १९८१ पासून सिनेटवर आहेत आणि दरवर्षी आयोवाच्या सर्व ९९ काउंटींत जाऊन लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. तिथे एच-१बीइतकाच, कदाचित अधिक, मक्याचा विषय निघतो. आयोवा मका आणि इथेनॉलमध्ये देशात अव्वल. पेट्रोलमध्ये १५ टक्के इथेनॉलचे मिश्रण उन्हाळ्यातही सर्वत्र विकू द्यावे, ही त्यांची जुनी मागणी. इंधनाची वाफ किती होते यावरच्या, म्हणजे बाष्पदाबाच्या, नियमामुळे १ जून ते १५ सप्टेंबर त्यावर बंधने येतात आणि दर वर्षी तात्पुरती सूट मागावी लागते. भारताने मका आणि इथेनॉलला बाजार खुला करावा, असा आग्रह अमेरिका धरते तेव्हा त्यामागे अशाच राज्यांचा रेटा असतो. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाचा आणि मराठवाड्यातल्या मका उत्पादकाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. या अंगाने बातमी क्वचितच येते.

सिनेटरच्या कार्यालयाचे एक काम आपल्या तिथल्या लोकांच्या फार उपयोगी पडू शकते: सरकारी खात्यात अडकलेल्या प्रकरणाची चौकशी. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, दोघांचीही राज्यात कार्यालये असतात. साधारणपणे त्या राज्यात राहणे पुरते, नागरिक असावे लागत नाही. संकेतस्थळावरचा गोपनीयता-संमतीचा फॉर्म सहीनिशी भरावा लागतो; तो नसेल तर खाते सिनेटरच्या माणसाला काहीच सांगत नाही. सोबत तीन अक्षरे आणि दहा अंकांचा पावती क्रमांक आणि घडामोडींचा तारीखवार एक पानी गोषवारा जोडावा. चूक होते ती इथे: एकाच वेळी दोन्ही सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचा सदस्य, तिघांकडे अर्ज टाकला जातो. खात्याकडे तीच विचारणा तीनदा जाते आणि उत्तर आणखी लांबते. एकच कार्यालय धरावे.

या मार्गाने निर्णय फिरत नाही आणि ग्रीन कार्डाची रांगही मोडत नाही. मुलाखतीत आई-वडिलांचा पर्यटक व्हिसा २१४-बी या कलमाखाली (परत जाण्याची खात्री पटली नाही म्हणून) नाकारला, तर सिनेटरच्या पत्राने तो मिळत नाही. पण प्रकरण २२१-जी या कलमाखाली ‘अधिक तपासणी’त अडकले असेल, तर ते कुठवर आले हे विचारता येते. नेहमीची मुदत उलटून गेलेल्या वर्क परमिटबद्दलही विचारणा होते. घरात मृत्यू किंवा गंभीर आजारपण असेल, तर मुलाखतीची तारीख अलीकडे आणण्याची विनंती जाते. त्यासाठी डॉक्टरांचे किंवा रुग्णालयाचे पत्र इंग्रजीत हवे.

आपणास विनंती एवढीच की सिनेटरची बातमी छापताना एक चौकट द्यावी: विधेयकाचा क्रमांक, मांडल्याची तारीख, सहप्रस्तावक किती आणि आज ते कोणत्या टप्प्यावर आहे. काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाच्या पानावर ‘शेवटची कार्यवाही’ अशी ओळ असते. तिथे ‘दोनदा वाचून समितीकडे पाठवले’ असे लिहिलेले असेल, तर विधेयक मांडल्या दिवशी होते तिथेच आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे