सामान डी वर हलवलंय, गेलेलं नाही

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी बाबांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. नंतर लावला तर बाबा एकच धरून बसलेले, "अगं, सी मधलं सगळं गेलं!" फोनवर समजावून काही जमेना, म्हणून सविस्तर लिहिते. प्रिंट काढून कॉम्प्युटरच्या शेजारी भिंतीला लावा.

काहीही गेलेलं नाही. सी आणि डी ही कॉम्प्युटरमधली सामान ठेवायची दोन वेगळी कपाटं, विंडोज सी मध्ये राहतं. बाबा, तुम्हाला कुणीतरी एकदा दाखवलेली वाट तुम्ही सोडत नाही: आधी सी, मग यूजर्स, मग तुमचं नाव, मग डॉक्युमेंट्स. त्या वाटेवर आता ते दार नाही. डावीकडच्या पट्टीत 'डॉक्युमेंट्स' लिहिलंय त्यावर क्लिक करा. वंशावळ, पेन्शनची कागदपत्रं, सोसायटीला लिहिलेली ती सतरा पत्रं, सगळं जागच्या जागी दिसेल. फक्त ती जागा आता डी वर आहे. निघताना हे सांगायचं राहिलं, पहाटेच्या एसटीच्या गडबडीत. चूक माझी.

हा उद्योग मी कशाला केला? गेल्या वर्षी मशीन सुरूच होईना म्हणून ज्या दुरुस्तीवाल्याकडे दिलं, त्यानं न विचारता सी फॉरमॅट करून, म्हणजे पूर्ण पुसून, नवं विंडोज टाकून दिलं. आईचा भिशीचा हिशोब त्यात गेला. भिशीच्या बायकांनी आपापल्या वह्या आणल्या म्हणून तो परत उभा राहिला, आणि त्यातही दोघींचं जमेना ते वेगळंच! त्याला शिव्या घालून झाल्या, पण डेस्कटॉपवर दिसणारी फाइलसुद्धा खरं तर सी वरच असते हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? शिवाय विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत. नवं विंडोज टाकताना आज ना उद्या सी परत पुसावा लागू शकतो. आणि तो भरलाही होता: १२० जीबीची एसएसडी (वेगवान पण छोटी डिस्क), त्यात दोघांच्या मोबाइलमधले फोटोच ६१ जीबी. उरले होते चार. डी मात्र १ टीबीचा, जवळजवळ रिकामा.

रविवारी रात्री केलं ते एवढंच. आधी डी वर बाबांच्या नावाचा फोल्डर केला, त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप असे वेगवेगळे. मग मूळ फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि नवी जागा दाखवायची. ॲप्लाय केलं की विंडोज विचारतं, जुन्या जागेतल्या फाइलीही नव्या जागी हलवू का? तिथं 'हो'. 'नाही' म्हटलं की नवा फोल्डर रिकामा आणि माल जुन्याच जागी. फोटोंना पाऊण तास लागला. आईनं तेवढ्यात दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा "झालं का गं?" विचारलं.

वेगवेगळे फोल्डर का, तर माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी एकदा घाईत नुसता डी दाखवला होता. अख्खा डीच डॉक्युमेंट्स होऊन बसला. परत जागेवर आणता आणता नाकी नऊ आले.

पूर्ण प्रोफाइलच, म्हणजे यूजर्समधला तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर, उचलून न्यायचा मोहही झाला होता. नाही नेलं. त्यात ॲपडेटा नावाचा एक लपलेला फोल्डर असतो, प्रोग्रामांचं सगळं लटांबर त्यात. तो हलवला की काहीतरी रुसतंच, आणि विंडोजची नवी आवृत्ती चढवतानाही अडतं. तुमचे ब्राउझरमधले बुकमार्क त्यातच असतात, म्हणजे ते अजून सी वर आहेत. त्यांची वेगळी फाइल काढून डॉक्युमेंट्समध्ये ठेवलीय. डेस्कटॉपवरचे आयकॉन इकडचे तिकडे झाले असतील, ते हातानं लावून घ्या.

आता खरं बोलायचंय ते. बाबा, डी वर गेलं म्हणजे सुरक्षित झालं असं समजू नका. आपल्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत पंचगंगा ४३ फुटाला, धोक्याच्या पातळीला, आली की आई धान्याचे डबे माळ्यावर चढवते, तसंच हे. माळा असला तरी घर तेच. डी ज्या हार्ड डिस्कवर आहे ती सात वर्षांची आहे, ती बसली की आपण बसलो. तुमचे केशवराव भोसले नाट्यगृहातले नाटकांचे फोटो मी स्कॅन केले होते ना, त्यांचा मूळ अल्बम २०१९ च्या पुरात लगदा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये नाट्यगृहच जळालं, तेव्हा तुम्ही दोन दिवस धड जेवला नाहीत हे आईनं मला नंतर सांगितलं. त्या रंगमंचावर उभे असलेले तुम्ही आता फक्त त्या डी मध्ये आहात.

म्हणून दोन पोर्टेबल डिस्क कुरिअरनं पाठवतेय. एक घरी, एक राजारामपुरीत मावशीकडे, तिथवर पाणी येत नाही. नाहीतरी संकष्टीला तुम्ही तिच्याकडे जाताच. निघायच्या आधी घरच्या डिस्कवर डी मधला तुमच्या नावाचा फोल्डर कॉपी करायचा, ती तिकडे ठेवायची आणि तिकडची घेऊन यायची. कॉपी हं, कट नव्हे! पहिल्या वेळी फोन लावा, मी स्क्रीनवर बघत सांगीन. (लिहिताना 'सांगीन', 'होते' नीट येतं, पण घरात पाय ठेवला की 'मी आलो, मी बसलो' सुरू. इथं पुण्यात शेजारीण अजून हसते.)

आई, मशीनचा डबा अजून जमिनीवरच आहे. पावसाळ्याच्या आत त्याला देवघराशेजारचं स्टूल दे. आणि मावशीकडे जाताना डिस्क मसाल्याच्या बरणीच्या पिशवीत घालू नकोस. मागं मला दिलेल्या पेनड्राइव्हला आठ दिवस कांदा-लसूण मसाल्याचा वास येत होता, ऑफिसात सगळे जेवणाची चौकशी करत होते.

तुमची,
चिमी