मॉनिटर बंद करणाऱ्या मुलीस

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव लिहायला तू बंदी घातलीस, दुकानाचंही. म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत काउंटरमागं बसून लॅपटॉप खोलणारी मुलगी, एवढ्यावर भागवतो. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

चाळीस वर्षं मी पेटी शिकवतोय, आणि त्यातली शेवटची अकरा वर्षं न दिसता. मदत करणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. पण बहुतेकांची मदत एका वाक्यात संपते, "आणा इकडं तो गाण्यांचा प्लेअर, देतो भरून." भरून मिळतं. पंधरा दिवसांनी परत कुणाच्या तरी दारात उभं राहायचं. आधीच्या एका दुकानातल्या पोरानं तर प्लेअर साफ करून स्वतःच्या आवडीची दोनशे गाणी घालून दिली. "काका, नादखुळा कलेक्शन आहे." असेलही. मला हव्या होत्या माझ्या गुरुजींच्या बैठका.

शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, जयपूर घराण्याची गायकी या गावात मुरली. पण खाँसाहेब १९४६ साली गेले आणि त्यांचा आवाज कुठल्या तबकडीवर मागं राहिला नाही. त्यामुळं इथं कुणाकडं जुनी फीत असली की तो माणूस ती दागिन्यासारखी जपतो. गुरुजींच्या २३ कॅसेट माझ्याकडं आहेत. भाच्यानं त्यातल्या २२ कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या. नव्वद मिनिटांची एक कॅसेट एमपीथ्रीत साधारण ८५ एमबी होते, म्हणजे सगळं गाणं दोन जीबीच्या आतच बसतं. बोटभर प्लेअरमध्ये गुरुजी मावतात, पण ते आत जाणार कसे?

तुला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, माहीत नव्हता. मी सांगितलं, एनव्हीडीए म्हणतात, फुकट मिळतो, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन नावाच्या अंध मुलानं २००६ साली सुरू केला. तू दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो उतरवून घेतलास, माऊस बाजूला सारलास आणि खट् करून मॉनिटरचं बटण बंद केलंस. मला वाटलं लाईट गेली. "थांबा काका, आधी मी आंधळी होऊन बघतो." (आमच्याकडं पोरी 'बघतो'च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) अर्धा तास तू चाचपडत होतीस. मालक येऊन मॉनिटर बिघडला का विचारून गेले. मी बाकावर बसून ऐकत होतो आणि, खोटं कशाला बोलू, मनातून मला मजा येत होती.

मग कीबोर्ड माझ्यापुढं सरकवलास. त्यानंतर तीन गुरुवार तू त्याला हात लावला नाहीस.

पहिलं कोडं तूच सोडवलंस. माझा प्लेअर जोडला की कॉम्प्युटरला दिसायचा, पण त्याला ड्राइव्हचं अक्षरच मिळायचं नाही. तो एमटीपी नावाच्या जोडणीच्या पद्धतीवर होता, ती बदलून एमएससी केल्यावर पेनड्राइव्हसारखा वागायला लागला. प्लेअरचा मेनू मुका आहे. तू तो एकदा वाचून दाखवलास, आणि किती वेळा खाली, कुठं ओके, हे मी तालाच्या मात्रांसारखं पाठ केलं. आता विंडोज आणि ई, मग ड्राइव्हवर एंटर, मग कंट्रोल व्ही. हात आपोआप जातो.

कॉपी सुरू झाली की एनव्हीडीए टूं टूं करत वर चढतो, ते तुला कटकट वाटायचं. तू ते बंद करायला निघालीस तेव्हा मी ओरडलो, आठवतं? घरी मी ते पेटीवर लावून बघितलं. पंचवीस टक्के झाले की बरोबर एक सप्तक. शंभराला चार सप्तकं. आता किती टक्के झाले ते मला कुणी सांगावं लागत नाही, आमच्या मुलाला मात्र प्रोग्रेस बार बघावा लागतो.

खरी गंमत क्रमाची झाली. प्लेअर लावला तर आधी भैरवी! मैफलीची सुरुवातच भैरवीनं, त्यानंतर विलंबित, त्यानंतर द्रुत. गुरुजी असते तर पेटी माझ्या डोक्यात घातली असती. तू म्हणालीस प्लेअर बिघडलाय. मग तूच शोधलंस की हा स्वस्तातला प्लेअर नावं वाचतच नाही, फाईल ज्या क्रमानं आत गेल्या त्या क्रमानं वाजवतो. यादीच्या तळाला भैरवीवर उभं राहून मी कंट्रोल ए, कंट्रोल सी केलं होतं, तीच पहिली आत गेली. शिवाय जुन्या फाईल पुसल्या की त्यांच्या रिकाम्या जागी नव्या जाऊन बसतात, क्रम आणखी बिघडतो. म्हणून दर कॅसेटला नवा फोल्डर, एफटू दाबून नावापुढं ०१, ०२, आणि पाठवताना एकेक फाईल, विलंबितापासून. वेळ लागतो. लागू दे, विलंबितालाही लागतोच.

फाईलची मराठी नावं एनव्हीडीएतला ईस्पीकचा मराठी आवाज वाचतो. 'नायकी कानडा' त्याच्या तोंडून ऐकवत नाही, पण कळतं.

आणि हो, प्लेअर न सांगता उपटल्यामुळं सात नंबरचा फोल्डर खराब झाला, तो माझाच गाढवपणा. आता आधी शिफ्ट एफटेन, मग इजेक्ट.

पैसे घेतले नाहीस, त्याबद्दल मी रागावलोय. भडंग आणलं तर मालकांसह सगळ्यांनी खाल्लं, तुझ्या वाट्याला किती आलं कुणास ठाऊक.

काल सकाळी रंकाळ्यावर फिरताना एकोणीस नंबरची बैठक पूर्ण ऐकली. रविवारी रात्री एकट्यानं बसून भरली होती, घरातली सगळी झोपलेली. कुणाला उठवावं लागलं नाही, याबद्दल तुझे आभार मानायला हे पत्र.

येत्या गुरुवारी येतोय. बारा नंबरची कॅसेट तेवढी उतरवायची राहिलीय, तिची फीत आत गुंतलीय. ती मात्र तूच सोडव बाई, त्याला डोळेच लागतात.

तुझा,
पेटीवाला काका