पाक दुकुह, तुम्ही 'नको' म्हणालातच नाही

पाक दुकुह,

मातुर नुवुन. एवढं तरी तुमच्या भाषेत लिहितो, बाकी मराठीत, तुमचा धाकटा मोबाईलवर कसंबसं वाचून दाखवेलच.

आपल्या मंडळींसाठी आधी सांगतो, मातुर नुवुन म्हणजे आभार, आणि दुकुह हे नाव नाही, हुद्दा आहे. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्ताकडे वाडीच्या प्रमुखाला दुकुह म्हणतात, आणि पाक म्हणजे बाबा, काका, साहेब सगळं एकातच. या माणसाला कामाबद्दल गावची जमीन कसायला मिळते, तिला पलुंग्गुह म्हणतात, आपल्याकडच्या पाटील-वतनासारखं, फक्त इथं पद गेलं की जमीन पण गेली, पोराच्या नावावर नाही चढत.

मी जोग्जात, म्हणजे योग्यकर्तातच, भाषा शिकायला आलो होतो आणि शहरातली खोली सोडून स्लेमान जिल्ह्याच्या पश्चिमेकडे तुमच्या वाडीत राहायला आलो, कारण काय तर सकाळी उठलं की ईशान्येला मेरापी ज्वालामुखी दिसतो आणि पुढं भाताची खाचरं. पहिल्याच दिवशी तुम्ही रात्री दारात. मी घाबरलो, म्हटलं काय चुकलं. बाहेरचा माणूस 24 तासांच्यावर राहिला तर आरटीकडे, म्हणजे गल्लीच्या प्रमुखाकडे, नोंद करायची असते, पाटी पण होती कोपऱ्यावर, मी ती कसली तरी जाहिरात समजून सोडून दिली होती. तुम्ही रागावला नाहीत, माझा पासपोर्ट घेऊन मलाच मागं बसवून आरटीच्या घरी नेलं, तिथं चहा, तळलेलं तेम्पे, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, आणि दीड तास फक्त पावसावर गप्पा. काम शेवटच्या दोन मिनिटांत झालं. ही तुमची पद्धत मला तेव्हाच कळायला पाहिजे होती, पण नाही कळली.

वाडीत जम बसायला वेळ नाही लागला म्हणा. गाडी डावीकडूनच चालवायची, मोरीत डबा बुडवून अंघोळ, आणि रस्त्यात भेटेल तो विचारणार 'माउ क माना', कुठं निघालास, ज्याला उत्तर द्यायचं नसतं, आमच्या साताऱ्याकडे पण तेच. बायकांची भिशी असते तशी तुमच्याकडे आरिसान. बाजाराचं गणित तेवढं डोक्यावरून गेलं, आठवडा सात दिवसांचा पण आणि पाच दिवसांचा पण, लगी पाहिंग पोन वागे क्लिवोन, बाजार भरणार कधी तर म्हणे पोनला, आणि पोन सोमवारी पण येतो शुक्रवारी पण. एसटीसारखं काही नाही, पूर्वी कोल्ट नावाच्या गाड्या गावोगाव फिरायच्या त्या जवळपास बंदच पडल्यात, सगळा संसार स्कूटरवर, पेट्रोल रस्त्याकडेला काचेच्या बाटलीत. स्कूटरसकट पाटात गेलो तेव्हा मला बाहेर काढणारे पण तुम्हीच, आणि ताप आला तेव्हा बू दुकुहनं, म्हणजे काकूंनी, नाणं घेऊन पाठीवर तेल लावून असे लाल पट्टे ओढले की आईला व्हिडिओ कॉलवर वाटलं मला कुणी मारलंय.

पण पत्र त्याबद्दल नाही.

पत्र त्या 300 चौरस मीटर जमिनीच्या तुकड्याबद्दल आहे. एक एजंट भेटला, गोड बोलणारा, म्हणाला परदेशी माणसाच्या नावावर होत नाही पण काळजी नको, इथल्या एका विश्वासू माणसाच्या नावावर करू, तुझ्याशी वेगळा खासगी करार, सगळे असंच करतात. मला काय, डोळ्यापुढं बांबूच्या भिंतींचं घर, मागं केळी, पुढं पाट. बयाणा द्यायला पैसे काढून ठेवले होते आणि आनंदानं तुम्हाला सांगायला आलो. तुम्ही म्हणालात, 'इंग्गिह, सए.' होय, छान. मी खूश.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सहज म्हणून चक्कर मारायला नेलं, म्हणालात पाणी चांगलं येतं, पण उंदीर फार. मी म्हटलं चालेल. मग तुम्ही आजोबांची गोष्ट सांगितलीत, जपानी आमदानीत सुलतान नववे हामेंगकुबुवोनो यांनी प्रोगो ते ओपाक नदीपर्यंत तो लांब कालवा, सेलोकान माताराम, खोदायला घेतला, हेतू असा की लोक त्या कामाला लागले म्हणजे जपानी त्यांना वेठबिगारीला बाहेर नेणार नाहीत. गोष्ट ऐकून मी आणखीनच प्रेमात पडलो त्या जागेच्या. आता वाटतं तुम्ही सांगत होतात की या पाण्यामागं किती लोक आहेत बघ, आणि मला ऐकू येत होतं 'ऐतिहासिक लोकेशन'.

तिसऱ्या दिवशी कालुराहान, म्हणजे ग्रामपंचायत. कपाटातून जुनी वही निघाली, तिला लेटर सी म्हणतात, जुन्या जमीनपट्टीच्या नोंदी. जमीन कुणाच्या नावावर? विकणाऱ्याच्या मेलेल्या आजोबांच्या. मला तर एकदम घरी आल्यासारखं वाटलं, आमच्या सातबाऱ्यावर पण अजून दोन मयत चुलत आजोबा आहेत. वारस पाच, त्यातली एक आत्या लाम्पुंगला, सरकारी योजनेत सुमात्राला गेलेली, ती जिवंत आहे का हे पण कुणाला नक्की माहीत नाही. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, वही माझ्याकडे सरकवली आणि सिगरेट पेटवली.

तरी मी अडून, काय करणार, डोक्यात घर बसलं होतं. मग तुम्ही तुमच्या नात्यातल्या नोतारिसकडे, म्हणजे नोटरीकडे, नेलंत, 'चहाला'. त्या बाईंनी 1960 चा जमीन कायदा उघडून कलम 26 वाचून दाखवलं, मालकी हक्क सरळ किंवा आडमार्गानं परदेशी माणसाकडे द्यायचा व्यवहार केला तर तो व्यवहारच रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. खासगी कराराचं काय, तर तो कागद भजी बांधायला. वर त्या म्हणाल्या, अरे पण तुमच्याकडे तरी कुणीही शेतजमीन घेतं का? मी गप्प. आमच्याकडे पण शेतकरी असल्याचा दाखला लागतोच की, आणि पुण्याचे लोक कसे दुसऱ्याच्या नावावर घेतात आणि मग काय होतं हे आमच्या गावात लहानपणापासून बघितलंय. तीच चूक परदेशात जाऊन करत होतो.

तरी तुम्ही 'नको' म्हणाला नाहीत! परत येताना फक्त म्हणालात, 'आलोन-आलोन वाटोन कलाकोन', हळूहळू का होईना, झालं म्हणजे झालं. जावानीज माणूस होय म्हणतो तेव्हा ते होयच असतं असं नाही, हे माझी मास्तरीण वर्गात कितीदा सांगायची, पण वहीत लिहिणं वेगळं. पाच दिवस, तीन ठिकाणं, माझ्या मोजणीनं सात ग्लास साखरेचा चहा आणि तुमचं स्वतःचं पेट्रोल, एवढं करून तुम्ही मला अडवलंत आणि मला असं वाटू दिलंत की शहाणपण माझंच. एजंटला मी स्वतःच फोन करून नकार दिला, सरळ 'तिदाक', म्हणजे नाही, आणि तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला, की हा पोरगा किती उद्धट बोलतो.

तुमच्या जागी माझे बाबा असते तर पहिल्याच दिवशी ओरडले असते, आणि मी हट्टानं बयाणा देऊन आलो असतो. माझा स्वभाव मला माहितेय. एवढ्या वर्षांची शिल्लक होती ती.

तुमच्या धाकट्यानं परवा त्या तुकड्याचा फोटो पाठवला, भात उभ्यानंच व्यापाऱ्याला उक्तं दिलं म्हणे, आणि आता भुईमूग. बघून बरं वाटलं, थोडं वाईट पण वाटलं, खोटं कशाला बोलू.

बू दुकुहना नमस्कार, लोदे, ती नारळाच्या दुधातली भाजी, करायला घेतला होता, दूध फाटलं. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, गर्दीत नाही, त्यानंतर येतो. आणि हो, रात्रीची गस्तवाली मंडळी दारावरच्या डब्यातून जिम्पितान, म्हणजे घरटी वर्गणी, गोळा करायची, त्यातले माझे शेवटच्या दोन महिन्यांचे राहिलेत, रोजचे 500 रुपियाह. मी विसरलो नाहीये, हिशोबाच्या वहीत माझ्या नावापुढं फुली असेल तर असू दे, आलो की सगळी नाणी मोजून देतो.

तुमचा,
मास इंडिया