बर्नच्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार. आमच्या स्वित्झर्लंडच्या ट्रिपसाठी तुम्हाला व्हॉट्सॲपवर थँक्यू म्हटलं की तुमचं ठरलेलं उत्तर येतं, "अगं त्यात काय एवढं", आणि विषय संपतो. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

तसं आपलं नातं काय, तर तुम्ही माझ्या मैत्रिणीच्या वहिनीच्या मावसबहीण, म्हणजे नातं नाहीच. तरी तुम्ही ऑफिसातून घरी जाताना ट्रेनमध्ये बसून व्हॉइस नोट पाठवायचात, मागे पुढच्या स्टेशनचं नाव जर्मनमध्ये ऐकू यायचं आणि मी इकडे कोल्हापुरात पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. आईला तर तुमचा आवाज इतका पाठ झाला होता की "आज बर्न बोललं का?" असं विचारायची.

सगळ्यात आधी तुम्ही आमचा मे महिना रद्द केलात. पोरांची सुट्टी म्हणून आमचं मे पक्कं होतं. तुम्ही म्हणालात, ओशिनेनसे हे डोंगरातलं तळं १५७८ मीटरवर आहे, डिसेंबरात जे गोठतं ते बऱ्याचदा मे उजाडेपर्यंत तसंच असतं, निळं पाणी बघायचंय ना मग गणपती झाल्यावर या. घरात थोडी धुसफूस झाली, शाळेत अर्ज द्यावा लागला, पण झालं.

मग आमची लिस्ट. जिनिव्हा, लुसर्न, झुरिक, लुगानो, सगळं एका आठवड्यात, एका टूरवाल्यानं बसवून दिलं होतं आणि त्यात निम्मे लेक बसच्या काचेतून. त्यावर तुमचा एका ओळीचा मेसेज, "तळी बघायला येताय की बस?" अजून हसतो आम्ही. स्पीझला खोली घ्या आणि तिथून हलू नका, एवढंच सांगितलंत, आणि खरं सांगते, पूर्ण ट्रिपमधला हा एकच सल्ला असता तरी पुरला असता. समोर थूनचा लेक, एका बाजूला ट्रेननं इंटरलाकेन, दुसऱ्या बाजूला ओशिनेनसेचं कांडरश्टेग, बॅगा उघडायच्या एकदाच.

आणि आधी ब्रिएन्झचा लेक मग थूनचा हा क्रमही तुमचाच. आरे आणि लुचिने या नद्या हिमनद्यांनी घासलेल्या दगडाचं बारीक पीठ आणून पहिल्यांदा ब्रिएन्झमध्ये टाकतात, त्यातलं बरंचसं तिथंच खाली बसतं, आणि तीच आरे पुढे थूनमध्ये जाते तोवर पाणी बरंच नितळलेलं असतं, म्हणून एक हिरवट दुधाळ आणि दुसरं निळं. हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही दोन्हीकडे नुसते सेल्फी काढून आलो असतो. ब्रिएन्झ बघून आई म्हणाली, कुणीतरी नीळ कालवून वर दूध ओतलंय बघ.

"ब्रिएन्झची बोट इंटरलाकेनच्या ऑस्ट (पूर्व) स्टेशनवरून, थूनची वेस्टवरून" हे तुम्ही तीनदा लिहिलंत, मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं. तिथं एक कुटुंब वेस्टला उभं राहून ब्रिएन्झची बोट शोधताना दिसलं तेव्हा कळलं का ते. (इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळाही आहे, आईचा फोटो झाला, तो विषय तिथंच मिटला.)

पण खरं थँक्यू थूनच्या लेकवरच्या ब्ल्यूमलिसाल्प बोटीसाठी. बाबांनी अख्खी नोकरी साखर कारखान्यात फिटर म्हणून केली हे मी बोलता बोलता सांगितलं असेन, तुम्ही ते लक्षात ठेवलंत आणि म्हणालात साध्या बोटीनं जाऊ नका, ही १९०६ ची वाफेची बोट आहे, १९७१ ला बंद पडली होती, लोकांनी मागे लागून १९९२ ला परत सुरू केली, आणि कोणत्या दिवशी किती वाजता तेही कळवलंत. तिथं डेकच्या मधोमध कठड्यावरून खाली चालतं इंजिन दिसतं. भलेमोठे दांडे पुढेमागे होतायत, तेलाचा वास, पितळ चकाचक. बाबा तिथं जे उभे राहिले ते राहिलेच. बाहेर डोंगर, वाडे, द्राक्षमळे सगळं चाललंय आणि हा माणूस पाठ करून उभा. तिथल्या इंजिनवाल्याशी ना भाषा ना काही, बाबांनी हातानं बेअरिंगला तेल घालायची खूण केली, त्यानं हसून तेलाची झारी वर करून दाखवली. नंतर मला म्हणाले, "मेंटेनन्स चांगलाय." बाबांकडून यापेक्षा मोठं कौतुक मी आयुष्यात ऐकलं नाही.

ओशिनेनसेला रोपवेच्या गोंडोलातून उतरल्यावर बाबांच्या गुडघ्यासाठी विजेची छोटी गाडी असते हेही तुम्हीच सांगितलंत. वर गेल्यावर त्यांचा प्रश्न, एवढे ओढे आत येतायत मग पाणी बाहेर जातं कुठून? तुमची व्हॉइस नोट तिथंच काठावर परत लावली, की दरड कोसळून हा बांध झालाय आणि पाणी त्या दगडांखालून झिरपून जातं. आईनं तोवर पाय पाण्यात घालून अशी किंकाळी मारली की शेजारचे जर्मन आजोबा उठून बघायला लागले.

बाकी रविवारी दुकानं बंद असतात तर दही-ब्रेड शनिवारीच घ्या, बाटल्या विकत घेऊ नका, "पिऊ नका" अशी पाटी नसेल तर रस्त्यातल्या कारंज्याचं पाणी प्या, असल्या गोष्टींनी किती फ्रँक वाचले ते बाबांनी वहीत लिहून ठेवलंय, ती वही तुम्हाला दाखवायची आहे त्यांना. डिसेंबरात येताय ना? भडंग आणि काकवी काढून ठेवलीये, आणि हॉटेलात उतरलात तर आई बोलणार नाही.

आणि एक. आमच्या शेजारच्या काकू पुढच्या वर्षी जायचं म्हणतायत आणि तुमचा नंबर मागतायत. मी अजून दिलेला नाही. त्यांचं मे महिन्याचं ठरलंय.