घरी येतोय, पण बाबांच्या डोळ्यांसाठी नाही

नवी दिल्ली
3 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दसऱ्याला फोन केला तेव्हा बोलायचं ठरवलं होतं. आईने झेंडूच्या भावापासून सुरुवात केली, मग मावशी आली, मग बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली आणि राहून गेलं. राहून गेलं कसलं, मीच राहू दिलं. म्हणून लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी बाबांना त्रास होत असेल तर आई, तू वाचून दाखव. फक्त मधली वाक्यं गाळू नकोस.

मी पीएच.डी. अर्धवट ठेवून विद्यापीठ सोडतोय. नोंदणी रद्द करायचा अर्ज 22 सप्टेंबरला दिला. तुम्हाला न विचारता दिला, याबद्दल तुम्ही रागवाल आणि तो राग बरोबरच असेल. विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते, आई रडली असती, आणि मी आणखी एक वर्ष इथे काढलं असतं.

इथे कुणी मला छळलं नाही, हे आधी सांगतो. कारण आई, तुझ्या डोक्यात पहिलं तेच येणार. मेसचं जेवणही आता बरं असतं. अडचण अशी आहे की मी ज्या कामासाठी आलो ते काम इथे होण्यासारखं नाही. ज्या सरांनी मला घेतलं त्यांना मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, येत होती. ते गेल्या वर्षी नोकरी सोडून दुसरीकडे गेले. त्यांच्यानंतर ज्या मॅडम मिळाल्या त्या विद्वान आहेत, माणूस म्हणून चांगल्या आहेत, पण त्यांचा विषय इंग्रजी अमदानीतलं महसूल खातं. माझा विषय पाटीलकीच्या वतनाचे, म्हणजे त्या वंशपरंपरागत हक्काचे, तंटे. मी लिहिलेलं एक पान त्या तपासू शकत नाहीत, आणि हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं. असं सांगायलाही मोठं मन लागतं.

जुलैत सल्लागार समितीपुढे सहामाही सादरीकरण होतं. मी एका महजराचा, म्हणजे गावसभेच्या जुन्या निवाडापत्राचा, फोटो पडद्यावर लावला. खाली पाटलाची निशाणी, नांगर, आणि मग गोतातल्या एकेकाच्या हत्याराच्या खुणा. वर साल, समानीन मया व अलफ. म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर कालगणनेचं सन 1180, आपलं 1779-80. एका सदस्यांनी विचारलं, ही भाषा कोणती? मी म्हटलं मराठी. मग हे शब्द? ते अरबी, आकडे आहेत. आणि लिपी? मोडी. ते जरा हसले आणि म्हणाले, याची इंग्रजी भाषांतरं वापरली तर काम लवकर होईल. भाषांतरं कुठली आणायची? सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून 45 खंड छापले ते 1930 ते 34 या काळात, तेही मराठीतच. न छापलेले रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, पुण्यात अजून कपाटांत आहेत, त्यातले कितीतरी कुणी सोडलेलेसुद्धा नसतील. समितीने लेखी शेरा दिला: विषय बदलून इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या इंग्रजी कागदांवर काम करावं, मोडी साधनं 'पूरक' ठेवावीत.

तो शेरा घेऊन मी तीन दिवस फिरलो. विषय बदलला असता तर डॉक्टर झालो असतो. नियमाने सहा वर्षं मिळतात, तीन गेली आहेत, कोर्सवर्क कधीच झालंय. लोक करतात असं, आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला तो ट्रंकेतला कागद आठवत राहिला.

बाबा, तुम्हाला आठवतंय ना? दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात आपण तो ताटात ठेवायचो, मळ्याच्या जमिनीचा कागद म्हणून. आजोबांनी ठेवलेला, त्यांच्याही वडिलांच्या वेळचा. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळातला मोडीचा वर्ग करून मी आलो आणि ओसरीवर बसून तो वाचला. बोरूने एका दमात ओढलेली ओळ, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पहिली ओळ लावायलाच तासभर गेला. निघाला कर्जरोखा. 1912 सालचा, बैलासाठी घेतलेल्या साठ रुपयांचा, आणि खाली दुसऱ्या हाताने 'रुपये भरून पावले'. जमिनीचं त्यात अक्षर नाही. आई म्हणाली, एवढी वर्षं कर्जाची पूजा केली होय. तुम्ही मात्र किती वेळ काहीच बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, "फेडलं होतं, हे बरं झालं." मी मोडीच्या मागे लागलो तो त्या दिवशी. ते ठेवून दुसरं काहीतरी करायला मी दिल्लीला आलो नव्हतो.

आणि चूक माझी आहे. 2022 साली प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता, "कागद पुण्यात आणि तू दिल्लीला कशाला?" मी हसण्यावारी नेला. मला विद्यापीठाचं नाव हवं होतं, गावात फ्लेक्स लागला तोही हवा होता. आता नको वाटतो तो फ्लेक्स, पण तेव्हा फोटो मीच पाठवला होता.

आता जे लिहायचं त्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आई दोनदा फोनवर म्हणाली, "इकडंच का येत नाहीस, बाबांचं बघायला कुणी नाही." तू सहज म्हणालीस की तुला काही वास लागला होता, ठाऊक नाही. पण मला ते फार सोयीचं वाटलं. लोकांना सांगायला किती छान कारण! वडिलांचे डोळे गेले म्हणून पोरानं शिक्षण सोडलं. गाव कौतुक करेल, मामा गप्प बसेल. दोन दिवस मी मनातल्या मनात तेच घोकत होतो. मग लाज वाटली. बाबांचा डोळा चांगला आहे, डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरही दिलाय, आणि त्यांना साधं कुणी हात धरून रस्ता ओलांडून दिलेलं चालत नाही. माझं ओझं त्यांच्या डोळ्यांवर ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका. कुणी विचारलं तर सांगा, त्याला तिथं जमलं नाही. सुट्टीवर आलाय असंही सांगू नका, कारण सुट्टी संपल्यावर काय सांगणार?

पैशाचं. फेलोशिप महिना 42 हजार होती, त्यातून तुमच्याकडे येणारे 12 हजार नोव्हेंबरपासून बंद होतील. माझ्याकडे साधारण आठ महिने निघतील एवढं साठलंय. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा कायमची पास आहे, ती कुठे जात नाही. राज्यातल्याच एका विद्यापीठात मोडी जाणणाऱ्या मार्गदर्शकांशी बोलणं झालंय, नेटमुळे प्रवेश परीक्षा द्यावी लागणार नाही, मुलाखत होईल. जागा मिळेलच असं नाही. तोवर मिरजेच्या बाजूला तासिका तत्त्वावर शिकवायला मिळालं तर घेईन. ते पैसे वेळेवर येत नाहीत हे मी पूर्वी तीन वर्षं भोगलंय, त्यामुळे त्यावर मळ्याच्या मोटारीची दुरुस्ती काढू नका. 2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत बोलावणी येत होती, तसं काही फुटकळ कामही मिळेल. एकतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, हे मलाही रात्री टोचतं. दिवसा नाही टोचत.

'नो ड्यूज'च्या कागदावर सध्या सह्या गोळा करतोय. ग्रंथालय, वसतिगृह, मेस झाले. क्रीडा विभागाची सहीही लागते म्हणे; त्या इमारतीत मी तीन वर्षांत पहिल्यांदा गेलो आणि त्यांनी विचारलं, बॅट परत केली का?

15 तारखेची गोवा एक्स्प्रेस आहे, दुसऱ्या दिवशी रात्री मिरजेला उतरेन. बाबा, स्टेशनवर येऊ नका, गाडी उशिराच येते. पुस्तकांची दोन खोकी आधी येतील, ती माळ्यावर चढवू नका, मी आल्यावर बघतो.

कळावे,
तुमचा,
बापू

ता. क. तो रोखा आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलाय. कोंदट राहून कागदाला बुरशी धरेल. काढून धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेव, दफ्तरात ठेवतात तसा.