गुपित फुटले म्हणून शेवट का बदलावा?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘टर्मिनेटर’ चित्रपटमालिकेचा आढावा घेणारा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे आणि जेम्स कॅमेरून यांच्या १९८४ व १९९१ च्या चित्रपटांविषयी त्यात जे म्हटले आहे, त्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र २००९ च्या ‘टर्मिनेटर साल्व्हेशन’विषयी लेखकाने काढलेले दोन निष्कर्ष मला पटले नाहीत. या मालिकेचे प्रमुख अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर प्रत्यक्ष काम करत नसल्यामुळे हा चित्रपट फिका पडला, हा पहिला. आणि ठरलेला शेवट इंटरनेटवर आधीच फुटल्यामुळे तो बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते, हा दुसरा. माझे म्हणणे असे की, हा चित्रपट फसला तो मुख्यतः त्या बदलामुळेच, आणि बदल करण्याची काहीही गरज नव्हती.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्कस राइट हा मृत्युदंडाची शिक्षा झालेला कैदी २००३ मध्ये आपला देह संशोधनासाठी लिहून देतो आणि २०१८ मध्ये, यंत्रांनी उद्ध्वस्त केलेल्या जगात, पुन्हा जागा होतो. आपल्या कातडीखाली धातूचा सांगाडा आहे, याचा त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. दुसरीकडे माणसांच्या लढ्याचे नेतृत्व जॉन कॉनरकडे येते आहे. मूळ ठरलेल्या शेवटात जॉन मरतो, त्याचा चेहरा मार्कसवर चढवला जातो आणि नेता जिवंत आहे असे जगाला भासवून लढा पुढे चालू राहतो. हे २००८ मध्ये बाहेर फुटले. मग दिग्दर्शक मॅकजी आणि निर्मात्यांनी शेवट फिरवला, आणि पडद्यावर आले ते असे की, मार्कस आपले हृदय काढून देतो व जॉन वाचतो.

जुना शेवट फार काळोखा होता, हे मला मान्य आहे. पण साऱ्या चित्रपटाची बांधणी त्याच दिशेने झालेली आहे. जॉन लोकांपर्यंत पोहोचतो तो रेडिओवरून. ठिकठिकाणी लपून बसलेली, उपाशी, भेदरलेली माणसे त्याचा आवाज ऐकतात. त्यांतल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेलेही नसते. ही दृश्ये पुन्हा लक्ष देऊन पाहावीत, अशी लेखकाला माझी विनंती आहे. ज्या नेत्याला लोक केवळ आवाजाने ओळखतात, त्याच्या जागी दुसरा कोणी उभा राहिला तर लढा टिकेल का, आणि तो दुसरा अर्धा यंत्र असेल तर त्या लढ्याला माणसांचा लढा म्हणता येईल का, हा प्रश्न या दृश्यांनी आधीच मांडून ठेवला आहे. मार्कसला साखळदंडांनी टांगलेले असताना तो मान खाली घालून आपल्याच उघड्या पडलेल्या धातूच्या छातीकडे पाहतो, त्या क्षणाचे वजनही त्याच प्रश्नामुळे आहे. शेवट फिरवल्यावर प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि प्रेक्षक काहीतरी चुकल्यासारखे वाटून बाहेर पडला. सुमारे २० कोटी डॉलर खर्चून केलेली यंत्रे आणि स्फोट ही उणीव भरून काढू शकले नाहीत.

मार्कसचे हृदय माणसाचे आणि असामान्य बळकट आहे हे कथेत आधी सांगितलेले आहे, त्यामुळे नवा शेवट अगदीच आभाळातून पडलेला नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मराठवाड्यातल्या वाचकाला हृदय प्रत्यारोपण म्हणजे काय असते हे आता ऐकून-पाहून माहीत आहे. छत्रपती संभाजीनगरातून दात्याचे हृदय मुंबईला पाठवायचे असले की रुग्णालयापासून विमानतळापर्यंतचा रस्ता पोलीस मोकळा करतात, कारण काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडू लागावे लागते. रक्तगट जुळावा लागतो, शस्त्रक्रियेदरम्यान रक्ताभिसरण चालू ठेवणारे यंत्र लागते, आणि परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून पुढे जन्मभर औषधे घ्यावी लागतात. चित्रपटात हे सारे वाळवंटातल्या तंबूत, जगातली औषधनिर्मिती बंद पडलेली असताना, काही मिनिटांत उरकते. विज्ञानकथेला कल्पनेची मोकळीक असते हे मी विज्ञान शिकवणारा शिक्षक म्हणूनही आनंदाने मान्य करतो. पण इथे ती मोकळीक कल्पनेसाठी न घेता सुटकेसाठी घेतली आहे. अवयवदानासारखी थोर गोष्ट कथेची गाठ घाईने सोडवण्यापुरती वापरली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता गुपित फुटण्याविषयी. शेवट ठाऊक झाला की कथेतला रस संपतो, हे गृहीतक आपल्या भागातल्या माणसाने तरी मान्य करू नये. गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनकार अभिमन्यूचे आख्यान लावतो, तेव्हा मंडपातल्या प्रत्येकाला तो चक्रव्यूहातून परत येणार नाही हे लहानपणापासून माहीत असते. तरीही सुभद्रेचा विलाप सुरू झाला की पदर डोळ्यांना लागतात. श्रोत्यांना आधीच ठाऊक आहे म्हणून अभिमन्यूला जिवंत परत आणणारा कीर्तनकार मी तरी पाहिलेला नाही. काय घडणार हे कळल्यावरही ते कसे घडते, हे पाहायला लोक येतात. निर्मात्यांनी आपल्या प्रेक्षकांवर एवढाही विश्वास ठेवला नाही.

शेवट बदलूच नये, असे मी म्हणत नाही. याच मालिकेतल्या १९९१ च्या चित्रपटासाठी कॅमेरून यांनी बागेत बसलेली जॉनची वृद्ध आई सारा आणि टळलेला विनाश दाखवणारे दृश्य चित्रित केले होते. ते वगळून त्यांनी रात्रीच्या अंधारात धावणारा रस्ता ठेवला आणि चित्रपट उंचावला, कारण तो बदल कथेच्या गरजेतून आला होता. ‘शोले’तही ठाकूर गब्बरला ठार मारतो असे मूळचे दृश्य सेन्सॉरच्या आग्रहाने बदलावे लागले आणि ऐनवेळी पोलीस आले, तिथे निर्मात्यांपुढे खरोखरच पर्याय नव्हता. ‘साल्व्हेशन’वर तर कोणाची सक्तीही नव्हती.

पुढे २०१५ मध्ये याच मालिकेतल्या ‘जेनिसिस’ या चित्रपटात जॉन कॉनर स्वतःच यंत्र झालेला दाखवला, आणि कथेतली ही सर्वांत मोठी कलाटणी ट्रेलरमध्येच उघड केली गेली. ज्या भीतीपोटी एका चित्रपटाचा शेवट मोडला, तीच गोष्ट सहा वर्षांनी जाहिरात म्हणून वापरली, या विसंगतीचा लेखात उल्लेख यायला हवा होता.

पुरवणीत या मालिकेवर पुन्हा लिहिले जाईल तेव्हा मूळ शेवटाची माहितीही वाचकांना द्यावी, ही विनंती. आमच्याकडची मुले हे चित्रपट हिंदी रूपांतरात मोबाइलवर पाहतात आणि वर्गात त्यावर हिरिरीने वाद घालतात. ‘सर, तो शेवट असा का?’ या त्यांच्या प्रश्नाला, नायक नव्हता म्हणून चित्रपट पडला, हे उत्तर पुरेसे नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
परभणी