दत्त्याचा राग धरू नकोस

सोलापूर

प्रिय सुध्या,

आमच्याकडे सगळे बरे. आईचे गुडघे तसेच.

दत्त्याने फोनवर तुला काय ऐकवलं ते वहिनींनी सांगितलं. माग विकले तेव्हासुद्धा त्याने तुझ्याकडे हिशेब मागितला नव्हता, आणि आता ‘चोर’ म्हणाला. मी फोन केला तर तू मधेच तोडशील, म्हणून लिहितोय.

दत्त्या अक्कलकोट रोडला गाडीवरून पडला, सिटी स्कॅन चांगला आला, टाके निघाले, आणि सगळ्यांनी धरून चाललं की गडी बरा झाला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं ते वेगळंच. डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत हिसका खातो, पेशींचे लांब तंतू ताणले जातात. स्कॅनमध्ये ते बहुतेकदा दिसत नाही. पेशींमधून ग्लुटामेट, म्हणजे एकमेकींना निरोप द्यायचं रसायन, भसाभसा बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं, सावरायला पेशी साखर जाळत सुटतात आणि मग मंदावतात. पुढे डोपामाइन, सेरोटोनिन या उमेद आणि मूड सांभाळणाऱ्या रसायनांचंही गणित बिघडू शकतं. मग उठावंसंच वाटत नाही. आणि कपाळामागचा भाग दुखावला, तर राग आवरणारंच कुणी उरत नाही.

म्हणशील, दत्त्याला राग आवरत होता कधी? होता बे! गॅदरिंगला तू भर स्टेजवर त्याची नक्कल केलीस, तरी हसत बसला होता. (चूक तुझीच होती, अजूनही सांगतो.)

परवा वहिनींनी शेंगाचटणी कुटली. त्याने ताट सरकवलं, ‘माती लागतेय’ म्हणाला. बिचाऱ्या किती रडल्या. वासाच्या बारीक नसा नाकावरच्या हाडाच्या चाळणीतून मेंदूत जातात, हिसक्याने तुटतात. त्याला लसणाचासुद्धा वास येत नाही रे! त्यालाही ते डॉक्टरांनी विचारल्यावरच कळलं.

१८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या कवटीतून सुरुंग ठासायची पहार आरपार गेली. माणूस वाचला, पण मित्र म्हणाले, हा आता गेज राहिला नाही. पुढे याच गेजने चिलीत कित्येक वर्षं घोडागाडी हाकली. मला त्या मित्रांचा फार राग येतो. आपण तसं म्हणायचं नाही, सुध्या.

हार्मोनच्या तपासण्या सांगितल्यात. मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीला मार लागला असेल तरी असा थकवा येतो, आणि त्यावर औषध आहे.

पोरीचा दहावीचा निकाल कळला, शाब्बास सांग तिला. नव्या फ्लॅटला पार्किंग मिळालं का?

गड्ड्याच्या जत्रेला हुतात्मा एक्स्प्रेसने ये, मी स्टेशनवर येतो. दत्त्याला जत्रेत न्यायचं नाही, गोंगाट सोसत नाही. घरीच जाऊ, सकाळी. संध्याकाळपर्यंत तो थकतो. हिशेबाचं काढलं तर काढू दे. तू वही आणू नकोस.

तुझा,
बाळ्या